चुकामूक होण्याआधी : सार्वजनिक गोळीबार आणि कुटुंबाची पूर्वतयारी

काही विषयांचे नाव निघताच घरातले वडीलधारे ‘भलतेसलते कशाला बोलायचे’ म्हणत दुसरेच काही बोलू लागतात. गर्दीच्या ठिकाणी अचानक गोळीबार सुरू झाला तर आपल्या माणसांना कसे सांभाळायचे, हा प्रश्न त्यांतलाच. इथवर येऊन वाचकांना पान उलटावेसे वाटले, तर ते अगदी साहजिक आहे. म्हणून आरंभीच नोंदवतो, की भारतात राहणाऱ्या सामान्य माणसाच्या वाट्याला असा प्रसंग येण्याची शक्यता फार कमी आहे. रस्त्यांवरचे अपघात त्याहून कितीतरी अधिक जीव घेतात. तरीही हा विषय अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्यातून येणारी समज केवळ बंदुकीपुरती राहत नाही. आग, चेंगराचेंगरी, यात्रेतली पळापळ, या सगळ्यांत आपण कुटुंब म्हणून कसे वागतो, हेच त्यात पाहायचे असते. आणि त्यातली काही फार मोलाची उदाहरणे आपल्याच मुंबईत, साध्या नोकरदार माणसांनी घालून दिलेली आहेत.

या विषयाची अलीकडची घडण मुख्यत्वे अमेरिकेत झाली. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थ्यांचा आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. तोवर पोलिसांची रीत अशी होती, की इमारतीला वेढा घालायचा आणि विशेष पथक येईपर्यंत थांबायचे. कोलंबाइननंतर ती बदलली. जे पहिले पोहोचतील त्यांनीच आत शिरावे, असे ठरले. पुढे एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने २००० ते २०१३ या काळातल्या अशा गोळीबाराच्या १६० घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या ६३ घटनांचा कालावधी नक्की सांगता आला, त्यांपैकी ४४ घटना पाच मिनिटांत किंवा त्याहूनही आधी संपल्या होत्या. पोलीस कितीही तत्पर असले तरी पहिली काही मिनिटे ही तिथे हजर असलेल्या लोकांचीच असतात, हे त्या आकड्यांनी स्पष्ट केले. नियम बदलला म्हणून मदत वेळेवर येतेच असेही नाही. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या उवाल्डी गावच्या शाळेत पोलीस पोहोचल्यावरही हल्लेखोराच्या वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटे लागली.

नागरिकांसाठीचा सर्वांत परिचित सल्लाही तिकडचाच. ह्यूस्टन शहराने २०१२ साली एक छोटा माहितीपट काढला. ‘पळा, लपा, लढा’ हे त्याचे सूत्र. निसटता येत असेल तर निसटा, नाही तर दाराआड लपा, आणि अगदीच मार्ग उरला नाही तर हाती येईल त्या वस्तूने प्रतिकार करा. ब्रिटनने २०१५ मध्ये शेवटचा शब्द बदलून ‘कळवा’ असा केला. सूत्र सुटसुटीत आहे आणि त्याचा क्रमही योग्य आहे. मात्र वाचकांनी ते एकदा आपल्या घरातल्या माणसांना लावून पाहावे. हे सूत्र धडधाकट, मोकळ्या हातांच्या, एकट्या माणसाशी बोलते. तुमच्यासोबत गुडघे दुखणारी आई असते, कडेवर तान्हे मूल असते, मोठी मुलगी दोन दुकाने पलीकडे बांगड्या पाहत असते आणि नवरा पाण्याची बाटली आणायला गेलेला असतो. अशा वेळी कोणी पळायचे, कुठे लपायचे? माझ्या मते या विषयातला खरा आणि आजवर उपेक्षित राहिलेला प्रश्न इथेच आहे.

या प्रश्नाचा एक जुना धागा आगीच्या अभ्यासात सापडतो. २ ऑगस्ट १९७३ रोजी आइल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड या करमणूक केंद्राला आग लागली आणि सुमारे ५० माणसे दगावली. सुटीचे दिवस होते, आई-वडील एकीकडे आणि मुले खेळायला दुसरीकडे, अशी अनेक कुटुंबे आत विखुरलेली होती. जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने तिथून वाचलेल्यांच्या जबान्या अभ्यासल्या. धोक्याच्या वेळी माणूस सर्वांत जवळच्या दाराकडे धावेल, ही इमारती बांधणाऱ्यांची समजूत. साइमला दिसले ते वेगळे : माणूस आधी आपल्या माणसांकडे आणि ओळखीच्या वाटेकडे जातो. बरोबर असलेली कुटुंबे बरोबरच बाहेर पडू पाहत होती, आणि मुलांपासून दुरावलेले पालक बाहेर जाण्याऐवजी मुले शोधायला निघत होते. आईबापांचे हे वागणे कोणत्याही सूत्राने बदलणार नाही, आणि बदलावे असेही मला वाटत नाही. त्या ओढीला आधीच एखादी वाट आखून ठेवता येईल का, एवढेच पाहायचे.

नवख्या वाचकांनी मानवी वर्तनाविषयीच्या आणखी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिली दिलासा देणारी आहे. संकटात जमाव बेभान होतो आणि जो तो स्वतःपुरते पाहतो, ही समजूत सर्वत्र रुजलेली आहे. समाजशास्त्रज्ञ एनरिको क्वारंटेली यांनी १९५० च्या दशकापासून आपत्तींचा अभ्यास करताना वारंवार दाखवून दिले, की अशी बेभान पळापळ अपवादानेच घडते. ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलताना जॉन ड्रुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही हेच आढळले : अंधाऱ्या बोगद्यात अनोळखी माणसे एकमेकांना धीर देत होती, जखमा बांधत होती. दुसरी गोष्ट मात्र सावध करणारी. माणसे घाबरून घाई करतात त्यापेक्षा कितीतरी वेळा ती नको तितका वेळ थांबतात. मानसशास्त्रज्ञ लटाने आणि डार्ली यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी जरूर वाचावा. खोलीत धूर येऊ लागल्यावर एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून कळवले. शेजारी दोन माणसे शांतपणे बसून राहिली असता मात्र फक्त १० टक्के लोक उठले. गोळीबाराचा आवाज पहिल्यांदा ऐकणारे अनेक जण तो फटाक्यांचा समजतात, मग आजूबाजूला पाहतात, आणि आजूबाजूचेही त्यांच्याकडेच पाहत असतात. पाचच मिनिटांच्या हिशेबात असे वाया गेलेले अर्धे मिनिटही फार मोठे असते.

हे अर्धे मिनिट कोणीतरी वाचवले तर काय होते, हे पाहायला परदेशी जावे लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवादी शिरले. लांबच्या गाड्यांची वाट पाहत सामानसुमान घेऊन बसलेल्या प्रवाशांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. त्या स्थानकात ५८ जणांचा जीव गेला, शंभरावर जखमी झाले. लोकलच्या फलाटांची उद्घोषणा करणारे विष्णु झेंडे त्या वेळी आपल्या काचेच्या खोलीत होते. खाली काय चालले आहे हे दिसताच ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले : दर्शनी भागाकडे येऊ नका, मागच्या बाजूने स्थानकाबाहेर पडा. त्यांच्या खोलीवरही गोळ्या झाडल्या गेल्या. लोकलमधून उतरणारे किती जण त्या आवाजामुळे वेळीच मागे वळले, याची मोजदाद कधीच होणार नाही. अभ्यासकाच्या नजरेने पाहिले तर त्यांच्या शब्दांत दोन गोष्टी होत्या : कुठे जायचे नाही आणि कुठे जायचे. ‘धोका आहे’ एवढेच सांगितले असते तर लोक थबकून एकमेकांकडे पाहत राहिले असते.

तेच दोघे पुढे कामा रुग्णालयाकडे वळले. तिथल्या प्रसूतिपूर्व कक्षात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या आणि वीस गरोदर स्त्रिया त्यांच्या जबाबदारीत होत्या. यांपैकी कोणालाही ‘पळा’ म्हणून सांगण्याची सोय नव्हती. कुलथे यांनी कक्षाची जड दारे लावली, दिवे मालवले आणि सगळ्यांना कक्षाच्या टोकाला असलेल्या पॅन्ट्रीत हलवले. त्यातच एका बाईला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने धरून त्यांनी प्रसूतिगृहापर्यंत नेले. वीसही जणी वाचल्या. डिसेंबर २०२२ मध्ये कुलथे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हा अनुभव मांडला. ज्यांच्या घरात वृद्ध, आजारी, गरोदर किंवा अगदी लहान माणसे आहेत, त्यांनी हे उदाहरण पुन्हा पुन्हा वाचावे. लपणे हा पळू न शकणाऱ्यांचा दुय्यम पर्याय आहे, असे अनेक पुस्तिका नकळत सुचवतात. लावता येणारे भक्कम दार, दारापासून दूरची खोली, अंधार आणि शांतता, एवढ्याने काय साधते ते कामा रुग्णालयात दिसले.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. अमेरिकेतले बहुतेक प्रसंग एकट्या माणसाचे आणि काही मिनिटांचे असतात. मुंबईत त्याच रात्री सुरू झालेला ताजमहाल हॉटेलातला हल्ला मात्र २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चालला. नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवरचा २१ सप्टेंबर २०१३ चा हल्ला चार दिवस रेंगाळला, त्यात ६७ जण मारले गेले. तो शनिवार होता, मॉलच्या गच्चीवरच्या वाहनतळात मुलांची पाककृती स्पर्धा चालू होती आणि भारतीय वंशाची अनेक कुटुंबे तिथे जमली होती. अशा लांबलेल्या हल्ल्यात लपण्याचा अर्थच बदलतो. फोनचा आवाज बंद करणे एवढे पुरत नाही. बॅटरी पुरवायची, तान्ह्याला शांत ठेवायचे, तहान सोसायची. आणि आपण कुठे आहोत हे जगाला सांगायचे नाही. मुंबईचा हल्ला चालू असताना हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडे बसून दूरचित्रवाणी पाहत होते आणि त्यावरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कठोर शब्दांत टीका केली, आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमाने बंधन आले. वाहिन्यांना लागू झालेला हा नियम आता प्रत्येकाच्या हातातल्या फोनलाही लागू करायला हवा. अडकलेल्या नातेवाइकाचा ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये, आणि त्याला फोन करू नये. लेखी निरोप पाठवून उत्तराची वाट पाहावी.

आता कुटुंबाच्या आखणीकडे वळू. लग्नघरात जशी कामे आधीच वाटून दिलेली असतात, तशी इथे माणसे वाटून घ्यायची असतात. धाकट्याला कोण उचलणार, आजीचा हात कोण धरणार, मोठ्या मुलाने कोणाच्या मागे जायचे, हे ठरलेले असले की ऐनवेळी दोघेही एकाच मुलाकडे धावत नाहीत आणि दुसरे एकटे पडत नाही. एक शब्दही ठरवावा, जो ऐकला की मुलांनी कारण न विचारता लगेच यायचे, हातातली वस्तू असेल तिथे टाकून. पर्स, पिशव्या, चपला यांच्यासाठी मागे फिरायचे नाही, हेही मोठ्यांनी मोठ्यांना आधीच बजावलेले बरे.

सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे ठरवणे आहे ते दुरावल्यावरचे. इथे समरलँडची आठवण ठेवावी. हल्ला सुरू झाल्यावर आपण वेगवेगळ्या ठिकाणी असलो तर प्रत्येकाने जवळच्या सुरक्षित वाटेने बाहेर पडायचे किंवा असेल तिथे दार लावून घ्यायचे, आणि शोध बाहेर, ठरलेल्या जागी घ्यायचा. लहान मूल एकटे असेल तर पालक त्याच्याकडेच जाणार; म्हणून त्या वयाच्या मुलांना नेहमी कोणातरी एकाच्या नजरेत ठेवणे, हा या नियमाचाच भाग आहे. चार जाणत्या माणसांना मात्र हा करार आधी ठाऊक असेल, तर बाप आत शिरत नाही, कारण मुलगी आत थांबलेली नाही हे त्याला माहीत असते. आपल्याकडे ही रीत नवी नाही. जत्रेला जाताना मुलाच्या खिशात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी घालणाऱ्या आया, ‘चुकामूक झालीच तर स्टेशनवरच्या इंडिकेटरखाली भेटू’ असे बजावणारे मुंबईकर, यांनी हे शास्त्र न शिकता जपले आहे. त्यात एवढीच भर घालावी, की भेटीची जागा इमारतीच्या बाहेर आणि जरा लांब असावी, आणि परगावच्या एखाद्या मावशीला किंवा काकांना निरोप्या नेमावे. गावातल्या गावात फोन लागेनासे झाले तरी परगावी संदेश अनेकदा पोहोचतो. प्रत्येकाने त्या एकाच माणसाला ‘मी ठीक, अमुक ठिकाणी’ एवढेच कळवायचे.

जागा वाचायची सवय हा या विषयातला सर्वांत आनंदाने शिकण्याचा भाग आहे. हॉटेलात बसल्यावर स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे ते पाहा. माल आत येण्यासाठी तिथे बहुधा मागचे दार असते. मॉलमधल्या दुकानांनाही सामानाची खोली असते आणि शटर असते. लिफ्ट टाळावी, जिना पाहून ठेवावा. आडोशाचेही दोन प्रकार असतात. पडदा, टेबल, पातळ फळीची भिंत यांच्यामागे माणूस दिसत नाही, पण गोळी आरपार जाते. काँक्रीटचा खांब, जाड भिंत, गाडीचा इंजिनाकडचा भाग गोळी अडवू शकतात. लपायला जागा निवडताना हा फरक कामी येतो. पोलीस आले की हात रिकामे आणि वर ठेवायचे, मुलांनाही तेच करायला सांगायचे, आणि ते जखमींना ओलांडून पुढे गेले तर रागवायचे नाही. त्यांचे पहिले काम गोळ्या थांबवणे हे असते.

गर्दीत आणखी एक धोका असतो, चेंगराचेंगरीचा, आणि महाराष्ट्राने तो फार जवळून पाहिला आहे. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक गेले, २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण. दोन्हीकडे बंदूक नव्हती. म्हणून कुटुंबाने लोंढ्याच्या मधोमध न राहता कडेला सरकत निघावे, मुलाला शक्यतो छातीशी धरावे, आणि खात्री नसताना ‘गोळीबार, गोळीबार’ असे ओरडू नये.

काही ठिकाणी कोणतीही आखणी फार तोकडी पडते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात २६ जणांना मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते, आणि त्यांतले बरेच बायका-मुलांसह सहलीला गेलेले होते. उघडे कुरण, दार नाही, भिंत नाही, जवळ मदत नाही. अशा जागी अंतर आणि जमिनीचा उंचसखलपणा एवढेच हाती असते. पूर्वतयारीचा अभ्यास करणाऱ्याने या घटनेपुढे नम्र राहायला हवे. जे गेले त्यांनी काही चुकीचे केले म्हणून गेले, असे सुचवणारे एकही वाक्य या विषयात खपवून घेता कामा नये. दोष मारणाऱ्याचा असतो. आपण शिकतो ते पुढच्या माणसाच्या हाती थोडी अधिक संधी यावी म्हणून.

ही संधी वाढवणारे एक कौशल्य मात्र अगदी खात्रीचे आहे आणि ते कोणालाही शिकता येते : वाहते रक्त थांबवणे. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर अमेरिकन शल्यविशारदांनी या प्रश्नावर एकत्र येऊन शिफारशी केल्या, आणि २०१५ मध्ये तिथे सामान्य नागरिकांना हे शिकवण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तंत्र साधे आहे. स्वच्छ कापड जखमेत भरून दोन्ही हातांनी, सगळे वजन टाकून दाबायचे आणि मदत येईपर्यंत दाब सोडायचा नाही. हातापायाचे रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून, टूर्निकेट नावाचा पट्टा घट्ट आवळायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. वाचून हे कळते, पण हाताला येत नाही. त्यासाठी रेडक्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार वर्गात बसावे. अपघाताच्या रस्त्यावर आणि शेतातल्या यंत्रापाशीही हेच शिक्षण उपयोगी पडते.

मुलांशी हे कसे बोलावे, याविषयी पालक फार विचारतात. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना हा विषय शाळेतच भेटतो. वर्गाचे दार लावून कोपऱ्यात शांत बसण्याचा सराव त्यांना आगीच्या सरावाइतकाच परिचित असतो. भारतातून नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांना ते ऐकून धक्का बसतो. तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने, २०२० मध्ये इशारा दिला, की खोट्या गोळ्यांचे आवाज आणि खोटे रक्त वापरून केलेले सराव मुलांच्या मनाला इजा करू शकतात. या इशाऱ्याला मी फार महत्त्व देतो. मुलाला बंदुकीविषयी काही सांगण्याची गरज नाही. ‘मी हा शब्द म्हटला की लगेच माझा हात धरायचा’, ‘हरवलास तर अमुक ठिकाणी ये’, ‘आत्ता अजिबात आवाज करायचा नाही’ हे तीन खेळ खेळता आले की सहा वर्षांच्या मुलाची तयारी झाली. मोठ्या मुलांना कारणे सांगावीत. ती त्यांना तशीही बातम्यांतून कळलेली असतात.

वाचकांनी हा विषय एका बैठकीत संपवण्याचा प्रयत्न करू नये. आधी मानवी वर्तनाविषयी वाचावे, मग मुंबईच्या त्या रात्रीच्या हकिकती, आणि गोळ्या, भिंती, दारे यांचा तपशील सर्वांत शेवटी. उलट क्रमाने वाचणाऱ्यांच्या मनात भीती उरते, समज कमी येते. कृतीची सुरुवात त्याहून लहान असू द्यावी. पुढच्या वेळी घरातले सगळे मिळून बाहेर पडाल तेव्हा फक्त दोन गोष्टी ठरवा : कोण कोणाबरोबर, आणि चुकामूक झाली तर कुठे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक सगळ्यांना माहीत आहे ना ते विचारा. घरातल्या एका मोठ्या माणसाचा आणि परगावच्या त्या निरोप्याचा मोबाइल क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या, आणि म्हणून घेताना फोन त्यांच्या हातात देऊ नका.